फलाटावरच्या अनोळखी माणसाशी बोला, असं जाहिरात सांगते तेव्हा

ब्रिटनमधल्या रेल्वे स्टेशनांवर गेल्या काही वर्षांत दोन प्रकारच्या जाहिराती झळकल्या. एक म्हणते, फलाटावर कुणी एकटं, हरवल्यासारखं उभं दिसलं तर जवळ जा, चार शब्द बोला. जीव वाचू शकतो. दुसरी म्हणते, बाईकडे वाईट नजरेनं टक लावून पाहणं, शेरे मारणं, गर्दीचा फायदा घेऊन अंगचटीला येणं हा लैंगिक छळ आहे. तसं काही घडलं किंवा दिसलं तर पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करा. दोन्हींच्या मागे ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस आहेत आणि दोन्हींचं म्हणणं खरं आहे. पण रात्री उशिरा रिकाम्या फलाटावर उभ्या असलेल्या बाईच्या दिशेनं एखादा अनोळखी पुरुष चालत येऊ लागला, तर तो यातल्या कुठल्या जाहिरातीतला माणूस आहे हे कळायला तिला काहीच मार्ग नसतो.

यातली पहिली जाहिरात आत्महत्या रोखण्याच्या मोहिमेची आहे. तिच्यामुळे अनोळखी पुरुषांना जवळ येण्याचं निमित्त मिळतं, अशी तक्रार बायका करतात. ती ऐकून अनेकांचा पहिला उद्गार ‘आता यातही?’ असाच असतो. त्यामुळे ही तक्रार नेमकी काय आहे ते नीट उलगडून पाहायला हवं. त्यासाठी आधी मोहीम समजून घेऊ, कारण ती मुळात चांगली आहे.

तिचं नाव ‘स्मॉल टॉक सेव्हज लाइव्हज’, म्हणजे इकडचं तिकडचं बोलणंही जीव वाचवतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती सुरू झाली. पुढाकार सॅमॅरिटन्स या संस्थेचा, सोबत रेल्वेमार्गांची मालक असलेली नेटवर्क रेल, ट्रान्सपोर्ट पोलीस आणि रेल्वे कंपन्या. चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूंनी १९५३ साली लंडनच्या एका चर्चमधून फोनवर लोकांची दुःखं ऐकून घ्यायला सुरुवात केली, त्यातून ही संस्था उभी राहिली. आज तिचा ११६ १२३ हा मोफत क्रमांक ब्रिटनभर चोवीस तास चालतो. नेटवर्क रेलशी तिची भागीदारी २०१० पासूनची. आधी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं गेलं, मग फलाटावर कायम हजर असणाऱ्या सर्वांत मोठ्या गटाकडे, म्हणजे प्रवाशांकडे, लक्ष वळलं. मिडलसेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रसंगातून वाचलेल्या आणि दुसऱ्यांना वाचवलेल्या लोकांचे अनुभव अभ्यासले होते. मोहीम त्या पायावर बेतलेली आहे.

चार शब्दांनी असं काय होतं? टोकाच्या क्षणी माणसाचं मन बोगद्यात शिरल्यासारखं होतं. बाजूचं काही दिसत नाही, पुढचा एकच रस्ता दिसतो. पण ही अवस्था बहुतेक वेळा टिकणारी नसते. तिची तीव्रता चढते आणि काही वेळानं उतरते. त्या वेळात कुणी ‘पुढची गाडी किती वाजता आहे हो?’ एवढं विचारलं तरी विचारांची साखळी तुटते. प्रश्न कुठला हे महत्त्वाचं नसतं. आपण कुणाला तरी दिसलो, हे महत्त्वाचं असतं.

‘आज थांबवलं तरी उद्या करणारच’ हा समज मात्र खोटा आहे. रिचर्ड सायडन या अमेरिकन संशोधकानं १९७८ साली एक पाठपुरावा प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एकाच ठिकाणी १९३७ ते १९७१ या काळात ऐनवेळी अडवल्या गेलेल्या ५१५ लोकांचं पुढे काय झालं, ते त्यानं शोधलं. सुमारे ९४ टक्के लोक एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. दुसरा खोटा समज म्हणजे, विषय काढला तर डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. तसं होत नाही. सरळ विचारल्यानं बहुतेकांना हलकंच वाटतं, हे मानसिक आरोग्याचं काम करणारे लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

तेव्हा मोहिमेचा गाभा पक्का आहे. अडचण तो जिथे रुजवायचा त्या जागेत, आणि कोण कुणाकडे जातंय यात आहे.

मोहीम कोणाकडे लक्ष ठेवायला सांगते ते पाहा: जो एकटा, इतरांपासून लांब उभा आहे, जो कुणाच्या नजरेला नजर देत नाही, जो आपल्यातच गुरफटलेला दिसतो, ज्याच्यासमोरून गाडी गेली तरी जो चढला नाही. आता रात्री एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईला विचारा, तू फलाटावर कशी उभी राहतेस? ती सांगेल, लोकांपासून जरा लांब, भिंतीला पाठ लावून. नजर खाली, नाहीतर फोनमध्ये. कानात इअरफोन, त्यात गाणं चालू असेलच असं नाही. समोर आलेल्या डब्यात एकटाच पुरुष बसलेला किंवा दारू प्यायलेलं टोळकं दिसलं तर ती गाडी सोडते आणि पुढचीची वाट पाहते. म्हणजे संकटात असलेल्या माणसाची जी लक्षणं म्हणून सांगितली जातात, त्यातली बरीचशी स्वतःला सांभाळणाऱ्या बाईची रोजची सवय आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

बोलायला सुचवले जाणारे प्रश्नही तसेच. नमस्कार, नाव काय तुमचं? कुठली गाडी पकडताय? इथे कॉफी कुठे मिळेल? यातले पहिले दोन प्रश्न अनोळखी पुरुषानं विचारले तर खरं उत्तर द्यायचं नाही, हे मुलींना चौदा-पंधराव्या वर्षापासून शिकवलेलं असतं. नाव खोटं सांगायचं, ‘नवरा घ्यायला येतोय’ म्हणायचं, उतरायचं स्टेशन सांगायचं नाही. त्यात इंग्लंडमध्ये रस्त्यानं जाणाऱ्या बाईला ‘चिअर अप, लव्ह’ म्हणणाऱ्या पुरुषांची परंपराच आहे. तिनं हसऱ्या चेहऱ्यानं चालावं ही त्यांची अपेक्षा. उदास चेहऱ्याच्या बाईची चौकशी करण्याचा आपल्याला हक्क आहे असं मानणाऱ्याच्या हाती ‘मी तर जीव वाचवायला आलोय’ हे वाक्य सापडलं, तर त्याचा वापर कसा होईल हे बायकांना वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं हवेतलं नाही. २०२१ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं केलेल्या पाहणीत दर दोन बायकांमागे एकीनं सांगितलं, की अंधार पडल्यावर घराजवळच्या शांत रस्त्यावर एकटीनं चालताना असुरक्षित वाटतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण सातात एक होतं. त्याच पाहणीत १६ ते ३४ वयोगटातल्या तीनपैकी दोन बायकांनी आदल्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसल्याचं सांगितलं. रेल्वेपुरतं बोलायचं तर ट्रान्सपोर्ट पोलिसांच्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक बायकांनी प्रवासात लैंगिक छळ किंवा गुन्हा अनुभवल्याचं नोंदवलं आहे. शिवाय मार्च २०२१ ची ती घटना अजून कुणी विसरलेलं नाही. लंडनमध्ये घरी चालत निघालेल्या तरुणीला एका नोकरीत असलेल्या पोलिसानंच ओळखपत्र दाखवून गाडीत बसवलं आणि पुढे तिचा खून केला. अधिकृत दिसणारं कारण सांगून जवळ येणारा माणूसही सुरक्षित असेलच असं नाही, हा धडा तिथल्या बायकांनी फार मोठी किंमत मोजून घेतला आहे.

यावर एक प्रतिवाद नेहमी येतो: वाईट माणसाला जाहिरातीची गरज कुठे असते? तो तसाही येणारच. बरोबर आहे, जाहिरातीमुळे कुणी छळवादी होत नाही. मला वाटतं, जाहिरात बदल घडवते तो बाईच्या बाजूला. एरवी ती अनोळखी माणसाला सरळ ‘नको’ म्हणू शकते, पाठ फिरवू शकते. पण समोरचा भलेपणानं, समाजाच्या सांगण्यावरून आला असू शकतो म्हटल्यावर तिच्या मनात भीड तयार होते. तो तर बिचारा मदत करायला आलाय, त्याला तोडून कसं बोलायचं? छेड काढणाऱ्यांना हीच भीड हवी असते. उलट ज्या पुरुषाच्या मनात काही काळंबेरं नाही, तो ‘आपल्याला पाहून ती घाबरेल’ म्हणून लांबच राहतो. म्हणजे ज्यांनी पुढे यावं असे मागे राहतात आणि ज्यांनी येऊ नये त्यांना निमित्त मिळतं. असं होत असेल तर मोहिमेचं स्वतःचंच नुकसान आहे.

आता नाणं उलटं करू. इंग्लंड आणि वेल्समध्ये आत्महत्येनं मरणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असतात. रेल्वेवरही पुरुषच जास्त. म्हणजे ‘कुणी खचलेलं दिसलं तर जवळ जा’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ अनेकदा ‘खचलेल्या अनोळखी पुरुषाजवळ जा’ असा होतो. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याची मनःस्थिती ओळखायची, विचारपूस करायची, हे वळण लहानपणापासून मुलींनाच लावलेलं असतं. त्यामुळे हे आवाहन मनावर घेऊन उठण्याची शक्यता बाईचीच जास्त. रात्री, निर्मनुष्य फलाटावर, ज्याच्या मनात काय चाललंय माहीत नाही अशा पुरुषाकडे तिनं एकटीनं जावं का? खचलेला माणूस धोकादायक असतो असं अजिबात नाही. बहुतेक वेळा तो धोका स्वतःलाच असतो. पण बाईला दुरून ‘खचलेला’ आणि ‘नशेत असलेला’ किंवा ‘भडकलेला’ यांतला फरक ओळखता येईलच याची हमी कोण देणार? आणि न गेल्याची टोचणी मात्र तिच्या मनाला लागून राहते.

जरा आडवळणाची पण इथे लागू पडणारी एक गोष्ट सांगते. ऐकून घेण्याच्या सेवेचा गैरवापर होतो, हे सॅमॅरिटन्सला फार आधीपासून माहीत आहे. संस्थेच्या सुरुवातीच्या दशकांत केवळ लैंगिक सुखासाठी फोन करणाऱ्या पुरुषांचा ताप इतका होता, की असे फोन ‘ब्रेंडा’ या सामायिक नावानं काम करणाऱ्या ठराविक स्त्री स्वयंसेविकांकडे दिले जात. त्यांनी ते ऐकून घ्यायचे. कल्पना खुद्द चॅड व्हारांची. पुढे ही पद्धत बंद झाली. पुरुषाचं दुःख, किंवा दुःखाचा बहाणा, यांचा भार बाईनं निमूट उचलावा ही अपेक्षा किती सहज धरली जाते, ते यातून दिसतं. टेलिफोनवर निदान मध्ये तार तरी होती. फलाटावर ती नसते.

मग काय, मोहीम गुंडाळायची? नाही. आणि तक्रार करणाऱ्या बायकांपैकी मोजक्याच तसं म्हणतील. ‘सुरक्षित वाटत नसेल तर स्वतः जाऊ नका, कर्मचाऱ्याला सांगा, पोलिसांना कळवा, तातडी असेल तर ९९९ लावा’ ही सूचना मोहिमेत पहिल्यापासून आहे. आपल्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवा, असंही ती सांगते. अडचण एवढीच, की जाहिरातीच्या तीस सेकंदांत किंवा पोस्टरवरच्या एका ओळीत लक्षात राहतं ते ‘बोला’. बाकीचं बारीक अक्षरात किंवा संकेतस्थळावर जातं. माझ्या मते ‘बोला’ आणि ‘सांगा’ ही दोन्ही क्रियापदं एकाच मापाच्या अक्षरात हवीत. कर्मचाऱ्याला सांगणं म्हणजे हात झटकणं नव्हे. रेल्वे कर्मचाऱ्यांना यासाठीच प्रशिक्षण दिलेलं असतं, गाड्यांचा वेग कमी करायला सांगण्याची व्यवस्था त्यांच्या हातात असते, आणि त्यांच्या अंगावरचा गणवेश पाहून बाईला निदान एवढं कळतं की हा इथे कामावर आहे.

पुरुषानं जायचंच असेल तर कसं जावं, हे जाहिरातीत दाखवणं शक्य आहे आणि ते दाखवायला हवं. आधी आजूबाजूला एखादी बाई किंवा कर्मचारी आहे का ते पाहावं आणि तिला किंवा त्याला सोबत घ्यावं. समोरून यावं, मागून नाही. दोन-तीन हात अंतर राखावं. फलाटाचा जिना किंवा बाहेरची वाट तिच्यासाठी मोकळी ठेवावी. अंगाला हात लावायचा नाही, खांद्यालाही नाही. नाव, गाव, कुठे उतरणार हे प्रश्न वगळून गाडीबद्दल, हवेबद्दल, उशिराबद्दल बोलावं, ज्याचं उत्तर देताना तिला स्वतःबद्दल काहीच सांगावं लागत नाही. ‘मी ठीक आहे’ असं उत्तर आलं की ‘बरं’ म्हणून खरोखर लांब जावं, आणि तरीही शंका वाटत असेल तर ती कर्मचाऱ्याच्या कानावर घालावी. पाठोपाठ त्याच डब्यात चढायचं नाही. यातलं काहीही केल्यानं संकटातल्या माणसाला मिळणारी मदत कमी होत नाही. कुणीतरी दखल घेतली, हे एका वाक्यातही पोचतं.

बाईला असं कुणी येऊन विचारलं आणि ती ठीक असेल, तर ‘हो, मैत्रिणीची वाट पाहतेय’ एवढं पुरे. खरं सांगण्याचं, हसण्याचं किंवा गप्पा पुढे नेण्याचं बंधन तिच्यावर नाही. आणि तिला दुसऱ्याची काळजी वाटली तर लांब उभं राहून फोन करणं, फलाटावरच्या मदत-खांबाचं (हेल्प पॉइंटचं) बटण दाबून मदत मागणं किंवा शेजारच्या दोघा-तिघांना सोबत घेणं हीसुद्धा पूर्ण मदतच आहे.

गंमत म्हणजे हेच चार शब्दांचं हत्यार बायकांच्या बाजूनंही वापरलं जातं. लंडनच्या वाहतूक खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांना सांगायला सुरुवात केली, की डब्यात कुणी बाईला त्रास देताना दिसलं तर त्याच्याशी भांडायलाच हवं असं नाही. तिला ‘पुढचं स्टेशन कुठलं?’ असं काहीतरी साधं विचारा. त्रास देणाऱ्याची पकड सुटते आणि तिला कळतं की कुणाचं तरी लक्ष आहे. म्हणजे अनोळखी माणसानं बाईशी बोलणं हेच वाईट, असा हा मुद्दा कधीच नव्हता. इथे चार लोक पाहत असतात, डबा भरलेला असतो, बोलणाऱ्याचा हेतू सगळ्यांना दिसत असतो. रिकाम्या फलाटावर यातलं काहीच नसतं.

मुंबईच्या लोकलमधून वाढलेल्या बाईला हा फरक चटकन कळेल. लेडीज डब्यात ‘कुठे उतरणार?’ हा दिवसातून दहादा विचारला जाणारा प्रश्न आहे. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण तो सीटसाठी असतो आणि विचारणारी बाई असते. त्या डब्यात रडणाऱ्या मुलीला अनोळखी मावशी पाण्याची बाटली पुढे करतात, डोक्यावरून हात फिरवतात, आणि ते चालतं. तोच प्रश्न रात्री कांजूरमार्गच्या फलाटावर परक्या पुरुषानं विचारला तर तीच मुलगी काढता पाय घेईल. ब्रिटनच्या गाड्यांतही एके काळी फक्त बायकांसाठी खण असत. ते १९७७ साली बंद झाले. २०१५ मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदाचे तेव्हाचे उमेदवार जेरेमी कॉर्बिन यांनी असे डबे पुन्हा असावेत का यावर बायकांचं मत घेऊ, असं सुचवलं तेव्हा ‘बायकांना कोंडण्यापेक्षा पुरुषांना आवरा’ अशी टीका झाली आणि तो विषय तिथेच थांबला. त्यामुळे लंडन-मँचेस्टरला राहणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना लेडीज डब्याचा आडोसा तिथे नाही, हे त्यांच्या आईवडिलांनी लक्षात घ्यावं. भारतात वाचणाऱ्यांसाठी: स्वतःच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात टोकाचे विचार येत असतील तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही आहे. रेल्वेत काही घडलं तर १३९, आणि तातडीला ११२.

शेवटी गाडी येते ती कर्मचाऱ्यांवरच. ‘कर्मचाऱ्याला सांगा’ म्हणायचं तर कर्मचारी असायला हवा. २०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधली बहुतेक तिकीट कार्यालयं बंद करण्याचा प्रस्ताव आला. प्रवासी संघटनांकडे साडेसात लाखांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. त्यांत अपंग प्रवाशांच्या गैरसोयीसोबत, स्टेशनवर माणूसच नसेल तर बायकांनी रात्री कुणाकडे जायचं, हाही प्रश्न होता. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं तो प्रस्ताव मागे घेतला. तरी अनेक लहान स्टेशनांवर संध्याकाळनंतर कुणीच नसतं, काहींवर दिवसाही नसतं. खचलेल्या माणसाची सर्वांत जास्त काळजी जिथे आणि ज्या वेळी घ्यावी लागते, त्याच जागी, त्याच वेळी ती काळजी तिकीट काढून आलेल्या प्रवाशांवर सोपवलेली असते. एका जाहिरातीच्या खर्चात रात्रपाळीचा माणूस नेमता येत नाही हे मान्य. पण बायकांची तक्रार सॅमॅरिटन्सच्या पत्त्यावर पाठवण्याआधी तिची एक प्रत रेल्वे कंपन्यांच्या आणि वाहतूक मंत्रालयाच्या टेबलावर जायला हवी, असं मला वाटतं.